लातूरच्या मॅचमधला टच

प्रिय महादेवी,

पंपाची सुई अजून चेंडूतच आहे. पाच व्हॉलीबॉल भरून झाले, सहाव्याला हात थांबला. क्रीडाखोलीत तुझ्याच खुर्चीवर बसले आहे आणि तुझ्या हजेरीच्या वहीतलं कोरं पान फाडून तुला लिहिते आहे. रागावू नकोस.

उद्या सकाळी तुझ्या या कंधारच्या शाळेत तुझी शोकसभा आहे. हेडमास्तर दुपारी म्हणाले, "कुसुमताई, तुम्ही दुसरं काही बोलू नका. लातूरच्या मॅचची गोष्ट तेवढी सांगा. पोरींना तीच पाहिजे."

तीच! ती मी कशी सांगू?

पोरींना ती पाठ आहे. निवड चाचणीची शेवटची मॅच. समोरचीचा स्मॅश आपल्या ब्लॉकवरून बाहेर पडला. चेंडू ब्लॉकला लागलेला पंचांना दिसला नाही; त्यांनी गुण आपल्याला दिला, मॅच आपली झाली, आणि तू हात वर केलास. "सर, टच आहे. माझा." निर्णय फिरला. पुढचे गुण गेले, मॅच गेली. आपले सर निवड समितीसमोरच ओरडले, "हिला जिंकायचंच नाही, तर राज्याच्या संघात कशाला घेता?" तुझं नाव कापलं गेलं. तिथं माझं लिहिलं.

ब्लॉकला आपण दोघी होतो, महादेवी. चेंडू माझ्या करंगळीला लागला होता.

ज्याच्या हाताला लागला त्यानं हात वर करायचा, हे सरांनीच शिकवलेलं. मी हात खाली घेतला आणि मूठ मिटली. एवढंच केलं.

तुला खरंच वाटलं का, की चेंडू तुला लागला? बरीच वर्षं मी स्वतःला तसं सांगून बघितलं. पण परतीच्या एसटीत तू माझ्याकडे वळलीस.

"दाखव."

"काय?"

"हात दाखव म्हन्ते नं, उंटिणी!"

करंगळी सुजली होती. तू रुमाल फाडून पट्टी बांधलीस, गाठ दातांनी ओढलीस. "कुणी इचारलं तर सरावात लागलं म्हन," म्हणालीस आणि खिडकीकडे तोंड करून झोपलीस. झोपलीस की सोंग होतं?

मी राज्याकडून खेळले. खेळाडूंच्या राखीव जागेवर नांदेडला नोकरी लागली. तू भोकरला माघारी गेलीस. पण खेळ सोडला नाहीस. तुझी लेक पल्लवी सहा महिन्यांची असताना तिला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून जिल्ह्याकडून उतरलीस. प्रत्येक टाळीला त्या शेजारणीला विचारायच्या, "गुण आपल्याकडचा का त्यांच्याकडचा?"

गुडघा गेला तेव्हा तू शिट्टी घेतलीस, या शाळेत पोरींना खेळ शिकवायला लागलीस. इथल्या मैदानातले दगड पोरींसोबत वेचलेस. तालुक्यात उंच पोरगी दिसली की तिच्या घरी जाऊन बसायचीस. एकदा मी सोबत होते. बाप म्हणाला, "मॅडम, आधीच ताडमाड वाढून राहिली. उड्या मारून आनखी वाढली तर हिचं लगीन कसं जमंल?"

तू उठून उभी राहिलीस. डोकं दाराच्या चौकटीच्या वर.

"माझं जमलं की!"

तो हसला. पोरगी दुसऱ्या दिवशी मैदानावर होती.

माझ्या स्वयंपाकाला तू नावं ठेवलीस, माझ्या साड्यांना ठेवलीस, माझ्या सर्व्हिसला तर जन्मभर. त्या मॅचवरून मात्र एक टोमणा नाही. का गं? एकदा जरी तोडून बोलली असतीस! पल्लवीच्या लग्नात मी धीर केला. म्हटलं, "महादेवी, लातूरला त्या दिवशी..." तू माझ्या ताटात शेंगापोळी वाढलीस. "खा आधी. वाळून चाललीस." आणि पुढच्या पंगतीकडे गेलीस. मी खाल्ली. गप्प बसायला कारण मिळालं, असंही वाटलं. हे आज लिहिते आहे.

आता अडचण बघ. मी खरं सांगितलं, तर पोरींची गोष्ट मोडते. मॅडम हरणं पत्करून खरं बोलल्या, म्हणून तर त्यांना ती गोष्ट हवी असते. खरं असं की टच झाला होता, आणि "माझा" हे तू खोटं बोललीस. माझ्यासाठी. उद्या समोर पल्लवी बसलेली असेल. आईची जागा कुणी घेतली, हे तिला त्या गर्दीत कळेल.

आणि नाही सांगितलं, तर सगळ्या माझ्या हातात हात घेऊन म्हणतील, मावशी, किती छान बोललात. तेवढं मला सोसणार नाही.

तू जिवंत असताना हे करायला हवं होतं. तेव्हा तू मला थांबवू शकली असतीस, भांडू शकली असतीस. उशीर झाला, हे मला कळतं.

उद्या सांगेन. तुझं खोटंही सांगेन आणि माझी मूठही. काही गाळणार नाही, हा शब्द देते.

तुझी
कुसुम

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. मागच्या रांगेतून एकीनं विचारलं, "मंग मॅडम खोटं बोलल्या का?" मी म्हटलं, "हो." पल्लवी उठून गेली. सभा संपल्यावर ती फाटकाशी उभी होती. म्हणाली, "मावशी, घरी चला. आईचा फोटो लावायचाय. माझा हात पुरत नाही." उंचीनं ती वडिलांवर गेली आहे. मी तिच्यासोबत गेले आणि फोटो लावला.