चिंचेने घासलेला खुबा

तंजावूर, मेलवीधी
१२ फेब्रुवारी २०१९

चि. सौ. वरलक्ष्मी हिला अप्पाचे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. ऊन आतापासूनच फार आहे. शेजारच्या वेंकूबाई सकाळी आपल्या दारातही कोलमची रांगोळी घालून जातात, सार-भात आणून देतात. चेन्नईत पाणी येतं का? रात्री स्कूटर चालवू नकोस.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर बोललो तर अम्मा पलंगावरून सगळं ऐकते. तिला तमिळ वाचता येतं, देवनागरी नाही, म्हणून हे मराठीत लिहितो. तुला लहानपणी रडवून शिकवली ती आज कामाला आली. चुका बघू नकोस, माझी शाळा आठवीपर्यंतच.

तुझा राग मला कळतो. अम्माला बसवला तसला धातूचा खुबा कंपनीने बाजारातून परत मागवला, तरी आपल्याला वर्षानुवर्षं कोणी कळवलं नाही. अम्माचं दुखणं वाढत गेलं, रक्तात धातू उतरला. तूच धावपळ करून दुसरं ऑपरेशन करवलंस, वकील गाठलास. काढलेला खुबा डबीत घालून माझ्या हाती दिला तेव्हा वकिलांनी बजावलं होतं, वरचा काळा थर हाच पुरावा, हात लावू नका. मी डबी कपाटावर ठेवली. कुलपात ठेवायचं सुचलं नाही.

अम्माने वेंकूबाईंकडून ती खाली काढवली आणि पलंगावर बसूनच चिंच लावून खुबा घासला. समईसारखा लख्ख. मी भाजी घेऊन आलो तर टॉवेलवर वाळत होता.

"अगं, हे काय केलंस?"

"कोर्टात चार पुरुष हातात घेऊन बघणार ना? ह्या राजमच्या अंगातून असली घाण निघाली म्हणतील! अकरा वर्षं माझ्या आत होता तो. तुम्ही तरी मळकी वेष्टी नेसून कोर्टात जाल का?"

मी खुबा परत डबीत ठेवला आणि तुला कळवलं.

तू फोनवर म्हणालीस, "अम्मा, माझी सगळी मेहनत मातीत घातलीस." तुझंही खरं. पण वकील परवा मला म्हणाले, रक्ताचे रिपोर्ट आहेत, ऑपरेशनच्या वेळचे फोटो आहेत, खटला बुडालेला नाही. तुला सांगितलं का त्यांनी? नसेल तर विचारून घे.

मघापासून दुसरंच लिहीत बसलोय. त्या फोननंतर अम्मा पलंगावरून उतरलेली नाही. फिजिओची बाई वॉकर पुढे करते, ही भिंतीकडे तोंड करते. डॉक्टर म्हणतात नवा खुबा छान बसलाय, पण अशीच पडून राहिली तर पायातलं बळ जाईल. दुखतं का विचारलं तर नाही म्हणते. काल मी केस विंचरून देत होतो तेव्हा हळूच म्हणाली, "वरू फोन करते तो खुब्यासाठी. माझ्यासाठी नाही."

मी हात पुढे केला, ऊठ म्हटलं. तर म्हणे, "तुमचेच हात कापतात, दोघंही पडू." कापतात खरे. तुझा हात ती धरेल. मला तरी तसं वाटतं.

शनिवारच्या गाडीने ये. वकिलाचे कागद आणू नकोस. अप्पांनी बोलावलं का, असं ती नक्की विचारेल. आपणहून आले म्हण.

तुझा,
घाबरट अप्पा
सेतुमाधव