गुडघ्याच्या आरामासाठी नेलेल्या सहा शेळ्या

मु. नेकनूर

चि. बद्रीनाथ यास थोरल्या बहिणीचे ओंजळभर आशीर्वाद. तू खुशाल असशीलच. माझ्या सहा शेळ्यांचं दूध घरात असताना उमापुरात कोण कशाला वाळेल? भावजय सुकन्यालाही माझी आठवण सांग. मी फोन केला की तुझ्याकडची रेंज नेमकी माझ्या 'हॅलो'लाच जाते, म्हणून हे पत्र लेकाच्या, अंगदच्या हाती देते आहे.

चैत्रात तू आलास, माझा उजवा गुडघा लांबूनच तपासलास (आपल्या घरात डॉक्टर कुणी झालं नाही, ती उणीव तू एकट्याने भरून काढलीस) आणि म्हणालास, "आक्का, तुला आराम पायजे. शेळ्या मी नेतो, गुडघा बरा झाला की आणून देतो." केवढी ही माया! दुखणं माझ्या गुडघ्याला आणि हवापालट शेळ्यांना. त्या दिवसापासून मी बाजेवर. तीन महिने असा आराम केला की गुडघा वाकेना आणि वजन सात किलोंनी वाढलं. आधी लंगडत का होईना माळावर जात होते, मग न्हाणीपर्यंत जायलाही भिंत धरावी लागू लागली.

बाजेवरच्या माणसाला औषध सांगायला कुणाला मुहूर्त लागत नाही. शेजारच्या छबुबाईनं एरंडेल लावून रुईची शेकलेली पानं बांधली. ऊब छान वाटली, पण खाज अशी सुटली की दुखणं विसरले (हा गुण मानायलाच हवा). अंगदनं गुडघ्याचा पट्टा आणला, माप न घेता. तो माझ्या दंडाला अगदी बेताचा बसतो. मग तू मुद्दाम धाडलेला उत्तरेश्वर आला, बैलांना डाग देणारा. चुलीत विळा लाल करत म्हणाला, "भिऊ नका, आक्का. मोहनरावाचा बैल असाच लंगडत होता. डाग दिला अन् दुसऱ्या दिवशी औताला!" मी विचारलं, तो बैल आता कुठं आहे? तर म्हणे, "इकला." मी विळा पाण्यात बुडवायला लावला आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

शेवटी अंगदनं बीडला नेलं. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई, योगिता नाव, तुझ्या लेकीएवढ्या. फोटो बघून म्हणाल्या, सांध्यातल्या कूर्चा झिजल्यात, त्या परत भरायच्या नाहीत, पण ऑपरेशनची वेळ आलेली नाही. वजन उतरवा, मांडीला ताकद आणा, शेक घ्या, उकिडवं बसू नका आणि चाला. मी म्हटलं, चालणं आमच्या भावानं शेळ्या नेऊन बंद केलंय. त्यांनी चष्माच काढला. "शेळ्या काहून दिल्या ओ मावशी? जमंल तेवढं चालणं हेच तर औषध हाय!" (बघ, एवढी शिकलेली बाईसुद्धा तुझ्या निदानाची दखल घेते.)

आता रोज घोट्याला ज्वारीची पिशवी बांधून खुर्चीत बसते, पाय सरळ करते, दहा मोजते, खाली घेते. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात, म्हणजे डाव्या. पण घरापासून वेशीपर्यंत चौदा जणांनी ती काढून माझ्या उजव्या हातात दिली. छबुबाई तर म्हणाली, "बीडच्या डॉक्टरला डावं-उजवं कळत न्हाई व्हय?" दीड महिन्यात चार किलो उतरले, दुखणं निम्म्यावर आलं. पण नुसतं चालायचं म्हणजे कुणामागं चालायचं, बद्री? दारातली रिकामी दावी दिसली की त्यांच्या गाठी उगाच सोडते आणि परत बांधते. हे मी बाईंना सांगितलं नाही, तुला सांगते.

बाकी ठीक. शेळ्यांची घाई नाही. दिवाळीपर्यंत तुझ्या सवडीनं पाठव.

तुझी आक्का,
मनकर्णा

ता. क. बाईंचा कागद सोबत जोडलाय. त्यातलं 'रोज चालणे' बाईंच्या हातचं आहे, पुढचं 'सहा शेळ्यांमागे' माझ्या. शाई जुळवायला पाच पेनं बघावी लागली.

आणखी एक ता. क. ढवळी तुझ्याकडं वैशाखात व्याल्याचं कळलं. ते करडू सुकन्याकडंच राहू दे. तिनं जीव लावला असेल, आणि दारातून जनावर गेलं की कसं वाटतं ते मला माहीत आहे.

शेवटचा ता. क. दिवाळीचं मनावर घेऊ नकोस. अंगद टेम्पो घेऊन आलाय, तो तुझ्या गोठ्यामागं उभा आहे. चौथीत तुला वाचायला मीच शिकवलं, एका पानाला तू किती वेळ घेतोस ते मला पाठ आहे. त्या मानानंच पत्र लांबवलं. एव्हाना पाच शेळ्या चढल्या असतील. ढवळी मात्र अंगदला दाद देत नाही. ऊठ, जरा हात लाव.