तुझी माफी परत पाठवतेय

प्रिय भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. शिबिरातल्या बाईंनी तुझ्यापुढं उशी ठेवली, ही तुझी आजी समज म्हणाल्या, आणि तू ती रडत रडत बडवलीस. बरं केलंस. चाळीस वर्षं मी गाद्या-उश्या भरल्या. बडवल्यानं कापूस मोकळा होतो एवढं मला ठाऊक आहे. माणसाचं ठाऊक नाही, बाई.

पुढं लिहितेस, मन, शरीर, आत्मा सगळं एकच. आता आतून हलकं वाटतं, म्हणून डोक्याच्या गोळ्या सोडल्या आणि एकटी राहतेस. आणि आईला कोंडून ठेवल्याबद्दल मला माफ केलंस. तीन पानं वाचायला दोन दिवस लागले. चौथी नापास म्हातारीला एवढा आत्मा पाठवू नये.

हो, कोंडली. माझ्या पोटची लेक होती. तिला कालव्यातून कुणीतरी हाका मारायचं. दोनदा कमरेइतक्या पाण्यातून ओढून आणली, तू काठावर अंगठा चोखत उभी. मग कडी घातली. शेजारणी मला कैदाशीण म्हणाल्या. त्यांचं काय जातंय, त्यांच्या लेकी घरात भाजी निवडत होत्या.

तुझ्या बाई सगळंच खोटं सांगत नाहीत. नुसत्या गोळीनं तुझी आई बरी झाली नाही, नुसत्या देवानंही नाही. गोळी, पोटभर जेवण, डोक्याला तेल, माझ्या शेजारी बसून कापूस मोकळा करणं, संध्याकाळी देवाचं नाव, ही सगळी मोट बांधली तेव्हा तीन महिने हसली. म्हणायची, आई, तुझ्या उश्या तुझ्यासारख्याच, टणक.

पण मोट बांधणारी मी एकटी. पुन्हा बिनसलं. आठ दिवस ती जेवली नाही, बोलली नाही, कुणावर रागावलीसुद्धा नाही. त्या दुपारी तुला घेऊन कामाला निघाले. कडी घालायला विसरले, असं मी सगळ्यांना सांगितलं, कालव्यातून तिला काढणाऱ्या पोलिसांनाही.

विसरले नव्हते. कडीवर हात ठेवला आणि काढून घेतला. दमले होते ग. तू म्हणालीस, आईला पण घेऊ. मी तुझा हात ओढला.

हे मी सरणावर घेऊन जाणार होते. पण तू गोळ्या सोडून एकटी बसलीस, तेही मला चुकीच्या गुन्ह्याची माफी देऊन. ती माफी नको. माझा राग कर, हवा तेवढा कर. पण आजच गोळी घे, आणि घरात कुणाला तरी बोलाव. मी चालणार नसेन, तर दुसऱ्या कुणालाही.

शिव्या दिल्यास तरी तुझीच,
आजी