भोवऱ्याचा खुराक

प्रिय छकुले,

आधी एक काम कर. भोवऱ्याला आजचं खाणं दिलं नसशील तर देऊ नकोस, आणि मी तुझ्यासोबत दिलेल्या पावडरच्या डब्याला हातही लावू नकोस. परीक्षेपर्यंत तुमचे मोबाइल जमा असतात, म्हणून सकाळीच तुमच्या श्वान-प्रशिक्षण केंद्राच्या ऑफिसात फोन करून मी हा निरोप ठेवला. पण फोन उचलणारा गृहस्थ जांभई देत नुसता ‘बरं बरं’ म्हणाला, त्याच्यावर माझा काडीचा भरवसा नाही. म्हणून दुकानाची गाडी देऊन ड्रायव्हरला या पत्रासह पाठवतोय. उद्याच्या परीक्षेला भोवऱ्याला उतरवायचं नाही. का, ते एका ओळीत लिहायची माझी छाती होत नाही, तेव्हा जरा दमानं घे.

तुझा हात प्लास्टरमध्ये गेला आणि तू भोवऱ्याला आमच्याकडे सोडायला आलीस, तेव्हा दारात म्हणालीस, “बाबा, दुसऱ्या कुणाच्या हवाली मी त्याला केलाच नसता.” त्या एका वाक्यावर मी आठवडाभर हवेत होतो. चाळीस वर्षं पशुखाद्याचं दुकान चालवतोय. गिऱ्हाईक आलं की पिशवी उलटी करून बारीक अक्षरं वाचायला लावतो. पहिलं नाव मांसाचं हवं, आणि तेही कुठल्या प्राण्याचं ते स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘प्राणिजन्य पदार्थ’ म्हणजे खाटकाच्या दुकानातला केरही असू शकतो. रंगीत दाणे कुत्र्यासाठी नसतात, मालकासाठी असतात. हे ऐकून लोक माना डोलवतात आणि मला फार शहाणा समजतात. तूही समजतेस, हीच तर पंचाईत आहे.

तर पडलेल्या इमारतीखाली माणसं हुंगत फिरणारा आपला भोवरा, त्याला तुमच्या केंद्राची साधी गोणी कशाला, म्हणून मी दुकानातलं सगळ्यात भारी खाणं काढलं. पळणाऱ्या कुत्र्यांसाठीचं, भरपूर मांस, भरपूर चरबी. निवड अगदी बरोबर होती, ती आजही बरोबरच आहे. चुकलं ते माप. तू आणलेला निळा मग मी तसाच वापरत राहिलो. तू दोन मग सांगितले होतेस, मी दोन मग देत होतो. पण ते दोन मग तुझ्या साध्या खाण्याचे. या नव्या खाण्यात ताकद जवळजवळ दीडपट, आणि इथे त्याला उड्या नाहीत, सराव नाही, फक्त माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत फेरी. मापाची गोष्ट पिशवीवर मागच्या बाजूला छापलेली असते. मी गिऱ्हाइकांना ती बोट ठेवून दाखवतो. स्वतः वाचली नाही. अठ्ठावीस किलोचा कुत्रा सहा आठवड्यांत साडेबत्तीस झाला, आणि मला वाटत होतं, काय तुकतुकीत दिसतोय!

मग एके सकाळी तो उठताना अडखळला. मागचा डावा पाय. दहा पावलं लंगडला आणि मग सुधारला. दुसऱ्या दिवशी वीस पावलं. तुझ्या आईनं लगेच ओळखलं. ती म्हणाली, “अहो, पोरीला फोन करा आणि डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा त्याला.” मी म्हटलं, थंडीनं आखडलाय. ती म्हणाली, “थंडीनं तुमची अक्कल आखडलीय.” खरंच होतं ते. पण डॉक्टरीणबाई आपल्याच गिऱ्हाईक. त्यांच्या वजनकाट्यावर भोवऱ्याला उभं करून ‘हे मी केलं’ असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी खाणं निम्मं केलं आणि सांध्यांची पावडर सुरू केली, शिंपल्याची आणि माशाच्या तेलाची, चांगल्यातली. पण ती पावडर म्हणजे जादू नव्हे. तिचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात, आणि तू तर आठ दिवसांत येणार होतीस.

रविवारी तू आलीस. भोवऱ्यानं अंगणाच्या भिंतीवरून उडी मारली, तुझ्याभोवती चार गिरक्या घेतल्या, आणि तू मला मिठी मारलीस. डबा हातात घेऊन विचारलंस, ही पावडर कुठली, टीममधल्या सगळ्यांना सांगते. वजन थोडं वाढलंय, सरावात उतरेल, असंही हसत म्हणालीस. मी हो हो करत राहिलो. तुझी आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, ते तुला ऐकू आलं असेल. तिला तेव्हा अर्धंच माहीत होतं. आज सगळं सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

काल दोन मिनिटं तुझा फोन आला. म्हणालीस, भोवरा दोनदा ओकला, परीक्षेचं टेन्शन त्यालाही आलंय वाटतं. तू हसलीस. माझ्या डोळ्यांसमोर तो डबा आला, छकुले. तोंड उघडलं आणि बाहेर आलं काय, तर ‘पाणी भरपूर दे’. नंतर डॉक्टरीणबाईंकडे गेलो. जे दोन आठवड्यांपूर्वी करायचं ते काल केलं.

आता ऐक. मागच्या वर्षी भोवऱ्याचा स्नायू दुखावला होता तेव्हा त्याला दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांपैकी अकरा उरल्या होत्या. दोन मी तू यायच्या आधी दिल्या. उरलेल्या नऊ खलबत्त्यात कुटून त्या डब्यात मिसळल्या, परीक्षेपर्यंत पुरतील म्हणून. कुठल्या चमच्यात किती गेली, ते मला माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात रक्तस्राव होऊ शकतो, ताबडतोब रक्त तपासा. आणि पाय बरा झालेला नाही, फक्त दुखत नाहीये. उद्या त्यानं सहा फुटी भिंतीवरून उडी मारली असती, पास झाला असता, आणि पुढच्या महिन्यात कुठल्यातरी ढिगाऱ्यात तू त्याच्या मागोमाग पोटावर सरपटत असताना त्या पायानं दगा दिला असता. हे मी माझ्या दुकानातल्या नावासाठी केलं. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही. त्याच्या रक्तात औषध निघेल तेव्हा सगळे तुला विचारतील, आणि तू काय करशील ते मला पक्कं ठाऊक आहे. सात वर्षांची असताना माझ्या धक्क्यानं फुटलेली काचेची बरणी तू आईसमोर स्वतःच्या अंगावर घेतली होतीस, आणि मी गप्प उभा होतो. तोंडी सांगितलं असतं तर या वेळीही तू मला पाठीशी घातलं असतंस, नोकरी गेली तरी. म्हणून हे कागदावर लिहिलंय, सहीनिशी. याची दुसरी प्रत ड्रायव्हर तुझ्या आधी तुमच्या साहेबांच्या हातात देऊन आलाय. आता तुला काही लपवता येणार नाही.

तुझाच, आणि भोवऱ्याचा गुन्हेगार,
बाबा