सिमोनाबाईचं गिऱ्हाईक

ला पाझ, ३ मे

ति. नेलिदाताईस,
रोसाउराचा सा. न. वि. वि.

आम्ही मायलेकी पोचलो. हे शहर कसलं, नुसती चढण आहे गं! कोपऱ्यावर पाव आणायला जायचं तर दोनदा भिंतीला टेकावं लागतं. योवानाला मी कडेवरून उतरवतच नाही. हृदयाला भोक असलेल्या लेकराला इतक्या उंचावर आणलं, मी वेडी की काय? पण ऑपरेशन करणारे डॉक्टर इथंच. सोळा तारखेला सकाळी बोलावलंय. ती वेळ हुकली तर ते परदेशी जाणार, मग कधी कोण जाणे.

माणसं तर भारी तुसडी. बाजारात सिमोना नावाची घेरदार घागऱ्यातली बाई आहे. तिच्याकडून बटाटे घेत होते. काल शेजारणीकडचे बरे दिसले म्हणून घेतले, तर बाईनं तोंडच फिरवलं! मी काय तिच्याशी लग्न लावलंय? इथं आपलं कुणी नाही, ताई. फार भीती वाटते.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी रोसाउरा


रिबेराल्ता, ८ मे

चि. रोसाउरास,
अनेक आशीर्वाद.

अगं येडे, लग्नच ते! तुझे दाजी तिकडचे, ते पत्र ऐकून पोट धरून हसले. म्हणाले, तिथं दोनदा एकीकडून घेतलं की ती तुझी आणि तू तिची. तिच्या डोळ्यांदेखत शेजारणीकडे गेलीस, वर बटाटे मिरवलेस! आधी जा, चुकलं म्हण, आणि पोरीचं सगळं सांग.

रेडिओवर सांगतात, तिकडे आंदोलनवाले रस्ते अडवणार आहेत. पोरीला माझा मुका दे आणि लगेच कळव.

तुझी काळजीनं अर्धी झालेली ताई


ला पाझ, १७ मे

ति. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी गेले. सिमोनाबाईनं मला भर बाजारात झाडलं आणि योवानाच्या हातात मूठभर शेंगा कोंबल्या. कुठला दवाखाना, कधी, सगळं विचारून घेतलं.

काल पहाटे खरंच रस्ते बंद. एक गाडी नाही. मी पोरीला घेऊन चढावर निघाले आणि दुसऱ्याच वळणावर मटकन बसले. संपलं सगळं, असं वाटलं बघ. तेवढ्यात खालून सिमोनाबाई आली. दुकान टाकून आली होती! तिनं योवानाला पाठीच्या कापडात बांधलं आणि चालू लागली. दगड रचून बसलेल्या पोरांनी अडवलं, तर त्यांना तिनं असल्या शिव्या घातल्या, की त्यांनीच दगड बाजूला केले. मी मागून रडत, धापा टाकत.

वेळेवर पोचलो. दुपारी डॉक्टर बाहेर आले. पोरगी छान आहे म्हणाले, आणि विचारलं, आई कोण?

ताई, आम्ही दोघीही उठलो गं.

तुझीच,
रोसाउरा