सुतळीच्या मापाची चौकट

तीर्थरूप दगडोबामामांना, गांधीधामच्या लाकडाच्या वखारीतून तुमच्या वैजूचा दंडवत. (वाकलो तर नाकात भुसा जातो, म्हणून उभ्यानंच घातला असं समजा.) मामीच्या गुडघ्याला आराम पडला का? म्हशीनं लाथा मारायचं सोडलं का? मी खुशाल आहे. हे सगळं फोनवर बी सांगितलं असतं, पण फोनवर तुमी मधीच बोलता. कागदावर माणसाला शेवटपर्यंत ऐकावं लागतंय.

मामा, तुमचे उपकार कोणत्या तोंडानं सांगू. चौथीतून पळालो तवा बापानं दार लावून घेतलं, तुमी उघडलं. चार ठिकाणची कामं सोडून आलो तरी, "पोरगं वळवळं हाय, पण खोटं न्हाई," असं म्हणून इथं चिकटवून दिलं. त्यामुळं तुमी जन्मात पहिल्यांदा मला काही मागितलं, की नव्या घराला विलायती सागाची चौकट पाह्यजे, अक्षय तृतीयेला बसवायची, भावकीनं पाहत राहावं, तवा मला लई बरं वाटलं. टेप खोटं बोलतो असं तुमचं मत, म्हणून तुमी दाराच्या मापाची सुतळी गाठी मारून पाठवली. ती हरवू नये म्हणून मी दोन महिने कमरेला करदोड्यासंगं बांधून ठेवली. आंघोळीला बी सोडली न्हाई.

आता चौकटीची हकीकत. हे झाड इक्वेडोर नावाच्या देशातलं. (मुकादम म्हणतो तो देश पृथ्वीच्या पाठीमागं आहे. मी जाऊन पाहिलं न्हाई.) तिथं कापलं, ट्रकात घालून बंदरावर आणलं, मंग दीड-दोन महिने जहाजात. जहाज रोज जेवढं तेल जाळतं, तेवढ्यात आपल्या गावातली सगळी ट्रॅक्टरं किती दिवस चालतील ते मोजायला बसलो आन बोटं संपली. इथं उतरलं की किडे मरावेत म्हणून औषधाचा धूर. किड्यांसंगं मी बी खोकलो. मंग तुमच्या सुतळीच्या मापानं आरा, मंग रंधा, आन आता वसमतच्या रामप्रसादचा ट्रक. तो हळद घेऊन आला होता, रिकामाच परत जाणार होता, म्हणून तेवढं डिझेल तरी वाचलं.

चौकट चढवताना रामप्रसाद म्हणला, "काहून बे, तुझ्या मामाच्या गावातली झाडं संपली का?"

मी म्हणलं, हायेत की. बांधावरची बाभूळ वादळात पडली, तशीच पडून आहे. संतराम मिस्त्री चिरायला मागत होता, तर मामा म्हणले, बाभूळ बैलगाडीला, दाराला न्हाई.

"आमी तर नवरी बी पंधरा कोसाच्या आत पाहतो," रामप्रसाद म्हणला, आन दोर आवळायला लागला.

मी दोराचं दुसरं टोक धरलं. आपल्या सात पिढ्या मिळून फिरल्या न्हाईत तेवढी ही चौकट फिरली, आन सगळ्या वाटेनं धूर सोडत आली. मला जरा लाज वाटली. तुमची न्हाई, माझी. विलायती लाकडाची फुशारकी मीच मारली होती.

पूजेच्या दिवशी मामीनं चौकटीला माझ्या नावाचं बी हळदकुंकू लावावं.

तुमच्या दारातून आत आलेला,
वैजनाथ

ता.क. : आज सकाळी तुमच्या लेकीनं, पुनमनं, शाळेच्या टेपानं दार मोजून फोनवर सांगितलं, म्हणून मी चौकट मोजली. माझ्या आंघोळीनं सुतळी आकसली आहे, मामा. चौकट चार बोटं बुटकी झाली. तुमी कोणापुढं वाकत न्हाईत हे मला माहीत आहे, म्हणून हे पत्र फोनच्या ऐवजी चौकटीलाच बांधून धाडत आहे.

ता.क. दुसरं : ती परत पाठवू नका, दुसरी मागवू नका. एवढा धूर दोनदा नको. संतराम मिस्त्रीला बाभूळ चिरायला सांगा, आन चौकटीच्या दोन्ही पायांखाली चार-चार बोटांचे ठोकळे बसवा. म्हंजे पृथ्वीच्या पाठीमागून आलेली चौकट आपल्या बांधावरच्या बाभळीवर उभी राहील, जसा मी तुमच्यावर उभा आहे.

ता.क. शेवटचं : रुंदीला बी दोन बोटं कमी आहे. चौकट बसवायच्या आधी मामीचं लोखंडी कपाट आत घेऊन ठेवा.