कौलापर्यंत केस

आई, इथे शारजात मी कंप्युटरवर चित्रं बनवतो. सातवी नापास माणसाला कोण ठेवणार, पण हात बसला. कंप्युटरमधल्या कॅमेऱ्याला काचच नसते, त्यामुळे पुढचा पेला आणि मागची भिंत सारखीच लख्ख. मालक म्हणतो, "यार, सब नकली लगता है." म्हणून आमच्या मलबारी इंजिनिअरने काचांचा प्रोग्राम लिहिला. खऱ्या लेन्समध्ये असतात तशा काचा एकामागे एक ठेवायच्या, कुठली किती फुगीर ते भरायचं, मग उजेडाचा एकेक किरण त्यांतून वाकत वाकत जातो. सकाळी लावलेलं चित्र उतरायला संध्याकाळ होते. परवा एका काचेत गढूळपणा जास्त पडला आणि चित्रातल्या बल्बला चारी बाजूंनी उजेडाचे तंतू फुटले. इंजिनिअर बोलला, "गलत है, निकालो." मला मात्र आपली जुनी खोली दिसली.

हेंद्रेपाड्याच्या खोलीत तू कॅम्प पाचच्या कारखान्यातून आणलेल्या जीन्सचे सुटे धागे कापत बसलीयेस. वर बघून म्हणतेस, "बल्बला केस फुटलेत रे, पार कौलापर्यंत." मी म्हणतो, "मग तेल लाव." त्याच आठवड्यात तू धाग्यासोबत एक खिसाही कापलास. कारखान्याचा सेठ ओरडला, "अम्मा, धागा काटने को बोला था!" तू म्हणालीस, "राहू दे सेठ, हवा लागंल." सगळे हसले. तो मोतीबिंदू होता, हे मला तू गेल्यावर मावशीच्या फोनवर कळलं. "तुला कळलं असतं तर तू निघाला नसतास, म्हणून तुझी आई गप्प राहिली," मावशी म्हणाली.

निघायच्या दुपारी तू दारात दही दिलंस, तेही तळहाताऐवजी मनगटावर. वर मलाच म्हणालीस, "घाई तुलाच मेल्या." मग तोंड वर करून, "बारीक झालायस." तेव्हा मी तुला दिसलो होतो का गं? पासपोर्ट मालकाच्या कपाटात, तुझ्या मातीलाही येता आलं नाही. तेव्हापासून एवढं एकच विचारायचं राहिलंय.

म्हणून मी कंप्युटरवर आपली खोली बनवली. तुझ्या जागी कॅमेरा ठेवला आणि बल्बचे केस कौलाला टेकेपर्यंत काच गढूळ करत गेलो. टेकले तेव्हा काच तशीच ठेवून बल्ब विझवला, दारात दुपारचं ऊन आणलं आणि उंबऱ्यावर माझा तेव्हाचा पासपोर्टचा फोटो उभा केला. संध्याकाळी चित्र उतरलं. उन्हात एक काळा डाग. नाक नाही, डोळे नाहीत. दुसऱ्या दिवशी दार थोडं लोटलं, मला एक पाऊल आत घेतलं. तरी डागच. आता आणखी काय करू, तूच सांग. इंजिनिअर मागे येऊन उभा राहिला. "ये कौन है?" मी बोललो, "कोई नहीं, टेस्टिंग है."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकतो. आज मी तो गढूळपणा थोडा थोडा कमी केला. बल्ब परत लावला असता तर केस कौलापासून कितीतरी खाली राहिले असते, म्हणजे ती तुझी नजर नव्हे, मला माहीत आहे. तरी कमी करत गेलो, तोंड दिसेपर्यंत. तेवढं चित्र ठेवलंय. त्यात मी खरंच बारीक दिसतो.